चिमण्यांची पेटी टांगली, पण मांजर अन् धामणीची वाट तोडली का?

अहमदपूर : उन्हाळा लागला की गावोगावी चिमण्यांसाठी लाकडी पेट्या अन् गाडगी टांगली जातात. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस जवळ आला की शाळेत लेकरांना पेट्या करायला शिकवतात, मोबाईलवर फोटो फिरतात. काही दिवसांत चिमणा-चिमणी काडीकचरा घेऊन येऊ लागतात अन् घरातले सगळे खूश होतात. पुढे एखाद्या सकाळी पेटीखाली पिसं पडलेली दिसतात. किंवा पेटी जशीच्या तशी असते, पण आतली चिवचिव बंद झालेली असते. "मांजरानं नेलं वाटतं," एवढं बोलून विषय संपतो. पेटी मात्र त्याच जागी राहते अन् पुढच्या खेपेला दुसरी जोडी त्याच पेटीत अंडी घालते.

पेटी टांगणं हे अर्धं काम आहे. त्या पेटीपर्यंत चढून येणाऱ्याची वाट तोडणं हे उरलेलं अर्धं. ते केलं नाही तर आपण चिमणीला घर देत नाही, मांजर अन् सापाला ताट वाढून ठेवतो.

एक महिन्याचा प्रश्न

चिमणी एका खेपेला साधारण तीन ते पाच अंडी घालते, रोज एक याप्रमाणे. अंडी उबवायला बारा-तेरा दिवस लागतात. पिल्लं बाहेर आली की पंधरा दिवसांच्या आसपास घरट्यात राहतात अन् मग उडतात. म्हणजे पहिल्या अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत महिनाभर जातो. एका वर्षात एक जोडी दोन-तीन वेळा पिल्लं काढते. या महिनाभरात अंड्याला पळता येत नाही अन् पिल्लाला उडता येत नाही. शेवटच्या आठवड्यात तर पिल्लं भुकेने एवढी ओरडतात की अंगणातल्या प्रत्येक शिकाऱ्याला पत्ता कळतो.

जागतिक चिमणी दिवस २०१० पासून पाळला जातो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी सुरू केलेल्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने त्यात पुढाकार घेतला. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल २०२० मध्ये आला. त्यानुसार चिमण्यांची संख्या मोठ्या शहरांत घटली आहे, पण देशभराचा विचार केला तर ती बऱ्यापैकी टिकून आहे. आपल्याकडे गावात चिमण्या अजून आहेत, जागाच मिळत नाही. त्यामुळे खेड्यात पेटी लावली की ती लवकर भरते. म्हणूनच चुकीच्या जागी लावलेल्या पेटीचं नुकसानही आपल्याकडे जास्त.

पूर्वी पेटी का लागत नव्हती?

माळवदाच्या घरात चिमणीला कुणी पेटी दिली नव्हती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, अन् तुळई भिंतीत शिरते तिथे राहिलेली फट. ती फट उंच, अरुंद अन् अंधारी असायची. चिमणी आत जायची, मांजराचा पंजा जायचा नाही. देवळीत, फोटोच्या मागे, ढाळजेच्या आढ्यालाही घरटी असायची.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला अन् लातूर जिल्ह्यात दगड-मातीच्या घरांची लोकांनी धास्ती घेतली. पुढे हातात पैसा येईल तशी माळवदं उतरली, स्लॅब अन् पत्रे आले. माणसासाठी हे बरंच झालं. सिमेंटच्या सपाट भिंतीत मात्र चिमणीला शिरायला जागा उरली नाही. मग ती मीटरच्या पेटीमागे, ट्यूबलाईटवर, पंख्याच्या वाटीत घरटं करू लागली. आपण पेटी लावतो ती याच हरवलेल्या फटीच्या बदल्यात. तेव्हा फटीतले तीन गुण पेटीत आले पाहिजेत : उंची, अरुंद तोंड अन् चढायला अवघड वाट.

कोण येतो अन् कसा येतो?

पिल्लं गेली की नाव मांजराचं घेतलं जातं. पण प्रत्येकाची खूण वेगळी असते. ती ओळखली तर उपाय नेमका करता येतो.

मांजर : काडीकचरा बाहेर ओढलेला, पिसं विखुरलेली, कधी पेटीच वाकडी झालेली. मांजर खालून चढतं तसं वरूनही येतं. कठड्यावर बसून खाली पंजा घालणं त्याला सोपं जातं. उभ्या जागेवरून पाच-सहा फूट उडी ते सहज घेतं.

धामण : पेटी जागेवर, काडी न काडी जागेवर, आत फक्त काही नाही. असं दिसलं तर सापाचा संशय घ्यावा. धामण बिनविषारी आहे. उंदीर तिचं मुख्य खाणं, पण अंडी अन् पिल्लंही ती सोडत नाही. झाडावर, खडबडीत भिंतीवर, पाईपवर ती चांगली चढते.

उंदीर : कुरतडलेली टरफलं, लेंड्या अन् कडेला कुरतडून मोठं केलेलं भोक.

खार : खारही अंडी खाते. कधी तर चिमणीला हाकलून पेटीत सुतळी, चिंध्या, कापूस भरते अन् स्वतःच राहते.

मुंग्या : नुकत्याच निघालेल्या पिल्लांना मुंग्या लागल्या तर ती वाचत नाहीत. पेटीवर मुंग्यांची रांग दिसली की समजून जावं.

कावळा चढत नाही, उडत येतो. पण पेटीपुढे बसायला दांडी असेल तर तोही चोच घालतो.

सुगरण आधीच शिकवून गेली

शेतातल्या विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले सगळ्यांनी पाहिलेत. ती जागा उगाच निवडलेली नसते. खोडाला काटे, खाली पाणी, अन् खोपा फांदीच्या अगदी टोकाला. टोकाची काडी मांजराचं वजन पेलत नाही. खोप्याचं तोंड खाली अन् नळीसारखं लांब, त्यामुळे वरून आलेल्याला आत शिरणं अवघड. एवढं करूनही काही खोपे जातातच, पण बरेच वाचतात. आपल्या पेटीला हेच करायचं आहे. वाट अवघड करायची अन् तोंड अरुंद ठेवायचं.

पेटी कुठे लावावी?

सगळ्यात चांगली जागा म्हणजे गिलावा केलेली सपाट बाहेरची भिंत, वर छज्जा किंवा पत्र्याची सावली. जमिनीपासून उंची आठ ते दहा फूट असावी. भिंत जितकी गुळगुळीत तितकी बरी. गिलावा नसलेल्या विटा-दगडांच्या भिंतीच्या खाचांत धामणीला पोटाच्या खवल्यांनी पकड मिळते.

पेटी लावण्याआधी खाली उभं राहून एकदा मांजराच्या नजरेने भिंतीकडे पाहावं. मी इथे कसा पोहोचेन? बहुतेक वेळा उत्तर समोरच असतं :

● खिडकीचा सज्जा, पाण्याचा पाईप, केबलची वायर पेटीच्या जवळून गेलेली असते.
● जाई किंवा गुळवेलाचा वेल भिंतीवर चढलेला असतो.
● सोयाबीनची बनीम, कडब्याची गंजी, जळणाचा ढीग भिंतीला लागून रचलेला असतो. पेटी लावताना तो नसतो, सुगी झाली की येतो.
● शिडी लावून पेटी टांगली अन् शिडी तिथेच राहिली.
● शेजारच्या लिंबाची फांदी पेटीच्या दोन हातांवर आलेली असते.

यातली प्रत्येक गोष्ट पेटीपासून सहा ते आठ फूट लांब असावी. गच्चीचा कठडा वर असेल तर पेटी त्याच्या निदान तीन-चार फूट खाली अन् छज्जाच्या आडोशाला घ्यावी. दोन भिंतींच्या कोपऱ्यात पेटी लावू नये. कोपऱ्यात सापाला दोन्ही बाजूंनी टेकू मिळतो.

दुसरी गोष्ट माणसाच्या जिवाची. दारावर, खिडकीच्या चौकटीवर किंवा बाज टाकून लेकरं झोपतात त्या जागेच्या वर पेटी लावू नये. पिल्लांच्या मागे आलेला साप खाली पडला तर तो धामणच असेल याची खात्री नाही. घरट्याखाली दाणे सांडतात, दाण्याला उंदीर येतात अन् उंदराच्या मागे नागही येतो. म्हणून पेटी उठण्या-बसण्याच्या जागेपासून बाजूला, मोकळ्या भिंतीवर असावी. धान्याची पोती ठेवलेल्या खोलीच्या तोंडाशी तर नकोच.

दाणापाणीसुद्धा पेटीजवळ ठेवू नये. अनेक जण पेटीलाच दाण्याची वाटी जोडतात. दाण्यावर कावळे, साळुंक्या, खारी, उंदीर सगळे येतात अन् त्यांना घरटं दिसतं. दाणापाणी पंधरा-वीस फूट लांब, उघड्यावर ठेवावं.

पेटी कशी असावी?

भोक सव्वा इंचाचं, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, त्यापेक्षा थोडं मोठं. एवढ्यात चिमणी आरामात जाते, साळुंकी जात नाही. दोन-अडीच इंचाचं भोक ठेवलं तर साळुंकी पेटी बळकावते अन् मांजराचा अख्खा पाय आत जातो.

भोक पेटीच्या तळापासून पाच इंच तरी वर असावं. तळ पाच इंच लांब-रुंद अन् पेटीची उंची नऊ-दहा इंच असली की हे जमतं. घरटं तळाला राहतं अन् बाहेरून घातलेला पंजा तिथवर पोहोचत नाही. आणखी खबरदारी म्हणून भोकावर इंचभर जाडीचा लाकडी ठोकळा, त्याच मापाचं भोक पाडून, बाहेरून ठोकावा. तोंड बोगद्यासारखं लांब होतं अन् मांजराला आत पंजा वळवता येत नाही. उंदीर-खारी भोक कुरतडत असतील तर भोकाभोवती पत्र्याची चकती ठोकावी. तिच्या कडा आधी घासून घ्याव्यात, नाहीतर चिमणीलाच लागेल.

बाजारातल्या बऱ्याच पेट्यांना भोकाखाली बसायला दांडी असते. दिसायला छान, पण चिमणीला तिची गरज नसते. ती थेट भोकाच्या कडेला पकडून आत जाते. दांडीचा उपयोग कावळ्याला अन् मांजराला. ती कापून टाकावी.

पेटी लाकडाची बरी. पत्र्याचा डबा किंवा प्लास्टिकची बाटली आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात भट्टीसारखी तापते अन् शिकारी न येताच पिल्लं मरतात. बुटाचा खोका एका पावसात जातो अन् मांजर तो नखाने फाडतं. मातीचं गाडगं थंड राहतं, पण त्याचं तोंड मोठं असतं. तोंडावर सव्वा इंची भोकाची लाकडी फळी घट्ट बसवली तरच ते चालतं. पेटीचं तोंड पश्चिमेच्या उन्हाकडे नको. झाकण खिळ्याने किंवा स्क्रूने पक्कं असावं, नुसतं ठेवलेलं झाकण मांजर उचकटतं.

टांगलेल्या पेटीला तारेवरून मुंग्या येतात. जुन्या घरात दुधाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तीच युक्ती इथे चालते. तार एका लहान वाटीच्या मधोमध ओवून खालचं भोक बुजवावं अन् वाटीत पाणी ठेवावं.

भिंत नसेल तर खांब : केसिंगचा तुकडा कामाला येतो

आखाड्यावर, शेतातल्या घरी सपाट भिंत मिळत नाही. मग पेटी झाडाला बांधली जाते, अन् झाड ही शिकाऱ्यांची हक्काची शिडी. त्यापेक्षा मोकळ्या जागेत लोखंडी पाईप रोवावा. दीड इंची, दहा फुटी पाईप दोन फूट जमिनीत पक्का केला की आठ फूट वर राहतो. वर पेटी बसवावी. झाड, भिंत, तारेचं कुंपण या खांबापासून आठ-दहा फूट लांब हवं.

पण नुसता पाईप पुरत नाही. धामण त्याला वेढे घालत वर जाते. त्यासाठी अडसर लागतो अन् तो आपल्याकडे घरोघरी पडलेला असतो : बोअरच्या केसिंगचा उरलेला तुकडा. सात-आठ इंच रुंद, तीन फूट लांब, बिनखाचांचा गुळगुळीत तुकडा घ्यावा. त्याचं वरचं तोंड पत्र्याच्या झाकणाने बंद करावं अन् झाकणाला पाईपच्या मापाचं भोक पाडावं. हा तुकडा खांबावर ओवून पेटीच्या फूटभर खाली क्लॅम्पवर नुसता टेकवावा, घट्ट आवळू नये.

मग होतं काय? खांबावरून वर आलेला साप किंवा उंदीर केसिंगच्या आत शिरतो. वर झाकण बंद, पुढे वाट नाही, तो परत फिरतो. बाहेरून चढायला गेला तर केसिंग एवढं रुंद अन् गुळगुळीत की पकड बसत नाही. त्यातच ते हलतं, त्यामुळे मांजरही बिचकतं. झाकण बसवताना फट ठेवू नये, लहान साप बारीक फटीतूनही निघतो. सहा-सात फुटांची मोठी धामण कधी हाही अडसर ओलांडू शकते. पण उघड्या खांबापेक्षा धोका कितीतरी कमी होतो.

केसिंग नसेल तर तीन फूट व्यासाचा गोल पत्रा कापून, मध्यापर्यंत चीर देऊन, उलट्या छत्रीसारखा नव्हे तर सरळ छत्रीसारखा खाली उतरता खांबाला बसवावा. मांजर अन् खार यांना तो चांगला अडवतो.

झाडालाच पेटी लावायची असेल तर एकटं, सरळ खोडाचं झाड निवडावं. खोडाभोवती जमिनीपासून चार-पाच फुटांवर दोन-तीन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. दुसऱ्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. झाड जाड होतं तसा पत्रा दरवर्षी सैल करावा.

विजेच्या खांबाला मात्र पेटी कधीही बांधू नये.

हे उपाय करू नका

खांबाला ग्रीस किंवा ऑईल फासू नका. धूळ बसली की ते निकामी होतं, अन् चिमणीच्या पिसांना लागलं तर ती नीट उडू शकत नाही. उंदराचे चिकट पॅड भिंतीवर लावू नका, त्याला आधी चिमणीच चिकटते. नायलॉनची जाळी पेटीभोवती गुंडाळू नका. तिच्यात साप अडकून मरतो, पक्षीही अडकतात. खोडाला बाभळीचे काटे बांधण्याची रीत जुनी आहे. मांजराला त्याने थोडा अटकाव होतो, पण साप काट्यांतूनही वाट काढतो. विषाचा तर विचारही नको. विष खाऊन मेलेला उंदीर पुढे मांजर, घुबड, कुत्रं कुणाच्याही पोटात जातो.

घरटं आधीच झालं असेल तर?

पेटी चुकीच्या जागी आहे हे पिल्लं निघाल्यावर लक्षात आलं, तर ती हलवू नये. दुसऱ्या जागी नेलेली पेटी आई-बाप शोधत बसतात अन् पिल्लं उपाशी मरतात. अशा वेळी पेटी जागेवर ठेवून वाट तोडावी. शिडी, ढीग, वेल काढावा. पाईपला गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. महिना झाला, पिल्लं उडाली की पेटी उतरवावी, जुनं घरटं काढून पेटी झाडून उन्हात ठेवावी अन् मगच नव्या जागी लावावी.

पिल्लं उडायच्या दोन-तीन दिवसांत घरचं मांजर सकाळच्या वेळी पोटभर खाऊ घालून घरात ठेवावं. पहिल्या उड्डाणात पिल्लू हमखास खाली पडतं. ते उचलून घरात आणू नये, पाव-पाणी चारू नये. जवळच्या झुडपावर किंवा उंच जागी ठेवून बाजूला व्हावं. आई-बाप तिथे येऊन चारतात. माणसाचा हात लागला म्हणून चिमणी पिल्लू टाकते, हा समज खरा नाही.

धामण दिसली तर काठी नको

पेटीवर साप दिसला की पहिला हात काठीकडे जातो. धामण शेतातले किती उंदीर खाते हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार धामण मारणं गुन्हा आहे. लांब उभं राहावं, लेकरांना मागे घ्यावं. साप ओळखता येत नसेल तर तो विषारीच धरावा. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला कळवावं. साप चावला तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठावा.

मांजर अन् धामण त्यांचं पोट भरतात, त्यात त्यांची चूक नाही. रानातल्या ढोलीतलं घरटं गेलं तर तो निसर्गाचा व्यवहार. पण भिंतीवरची पेटी आपण लावलेली असते. चिमणीने ती जागा आपल्या भरवशावर घेतलेली असते. मग तिची राखण करणंही आपल्याकडे येतं.

पेटी लावण्याआधी एवढं तपासा

● उंची आठ-दहा फूट, भिंत सपाट, वर सावली
● सहा-आठ फुटांत पाईप, वेल, फांदी, शिडी, बनीम नाही
● भोक सव्वा इंच, तळापासून पाच इंच वर, पुढे दांडी नाही
● खांब असेल तर केसिंगचा किंवा पत्र्याचा अडसर
● दाणापाणी लांब, झोपायची जागा लांब
● सुगीनंतर अन् पावसाळ्याआधी पुन्हा एक नजर

यातलं जमणार नसेल तर या वर्षी पेटी लावू नये, नुसतं पाणी ठेवावं. तेवढ्यानेही चिमणी अंगणात येते.